तार काढा, हिशेब मागा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रकावर कापसाचा भाव आहे, कर्ज आहे, विजेचा प्रश्न आहे आणि सगळ्यांत शेवटी 'वाघाची शिकार' असा एक विषय आहे. तो वाचून सकाळपासून बरेच जण विचारताहेत, "हे मध्येच काय काढलं? वाघाचं काय ते जंगलवाले पाहतील. आपण आपल्या पऱ्हाटीचं पाहू."

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. वाघ मरतो तो पुष्कळदा आपल्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, आणि तो मेला की बेड्या पडतात त्या शेतकऱ्याच्या हातात. वाघाच्या कातड्यावर पैसा करणारा मात्र तिसऱ्याच गावी नोटा मोजत बसतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आम्ही इथे भूतदयेचा उपदेश करायला उभे नाही. ज्याचे पीक एका रात्रीत साफ होते त्याला प्राणिप्रेम शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महत्त्व सांगणे. आपण हिशेब मांडू. नेहमी मांडतो तसाच: कोणाचे गेले, कोणाला मिळाले आणि मधल्यामध्ये कोण खाऊन गेले.

आधी आपले नुकसान

कोरडवाहू शेतकऱ्याचे रान कोण कोण खाते हे या मंडपात सांगायची गरज नाही. रोही कपाशीचे शेंडे आणि फुले खातात, तुरीच्या शेंगा ओरबाडतात. डुकरांचा कळप रात्रीतून भुईमूग उकरतो, ज्वारीची ताटे आडवी करतो. खातो थोडे, नासतो जास्त. हरणे कोवळे पीक खुडतात. दिवसभर डवरणी, फवारणी करायची आणि रात्री माळ्यावर बसून डबा बडवायचा. या जागलीची मजुरी मालाचा भाव ठरवताना कोणी धरल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

ज्वारीचेच पाहा. किती गावांनी ज्वारी पेरणे सोडले! भाव हे एक कारण आहेच, मजूर मिळत नाही हे दुसरे. पण "डुकरं राहूच देत नाहीत" हे तिसरे कारण घरातली बाई सगळ्यांत आधी सांगते. ज्वारी गेली की कडबा जातो. कडबा गेला की उन्हाळ्यात ढोरे सोडायची कुठे? जंगलाच्या कडेला. तिथे बिबट नाही तर वाघ बसलेला. म्हणजे डुकराने ज्वारी खाल्ली आणि त्याची किंमत पुढे गोऱ्ह्याने चुकवली.

गोऱ्हा गेला की अर्ज, पंचनामा, फोटो, सही, शिक्का. अर्जाची मुदत तासांत आणि दिवसांत मोजतात, पैसे मिळायला लागणारा वेळ महिन्यांत मोजावा लागतो. त्यातही कमाल मर्यादा ठरलेली. बाजारात बैलाची किंमत काय चालली आहे हे बैल गमावणाऱ्याला विचारून कोणी ती मर्यादा ठरवत नाही.

हा राग खरा आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण या रागातून काही शिवारांत जी तार लागते, ती आज आम्हाला तपासायची आहे.

तार काय करते

गुडघ्याएवढ्या खुंट्या, त्यावरून उघडी बारीक तार, आणि तिला पंपाच्या पेटीतून किंवा लाईनवर आकडा टाकून दिलेला करंट. अंधार पडला की चालू, उजाडायच्या आत बंद. खर्च थोडा, म्हणून ही तार सोपी वाटते.

तार लावणाऱ्याच्या मनात वाघ नसतोच, डुक्कर असते. पण डुक्कर आणि वाघ यांतला फरक तारेला कळत नाही. डुक्कर आणि माणूस यांतलाही कळत नाही. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्टचा. हा प्रवाह थांबून थांबून येत नाही, सतत येतो. अंगातून गेला की स्नायू आखडतात. तार धरलेला हात सुटत नाही, पाय मागे घेता येत नाही. जमीन ओली असेल तर काम आणखी लवकर होते. आणि मातीतून वाहणारा हा प्रवाह इतका नसतो की फ्यूज उडावा. म्हणून माणूस तारेवर पडलेला असताना तिकडे पेटीत सगळे ठीकच दिसते. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, ढोर शोधायला आलेला गुराखी, स्वतः तार लावणाराच किंवा त्याचा पोरगा. अशा बातम्या दर हंगामात येतात. त्या आत दोन ओळींत छापतात, वाघ मेला तर पहिल्या पानावर.

सौर कुंपण ही वेगळी वस्तू आहे, दोन्हींची गल्लत करू नका. सौर कुंपणाच्या यंत्रातून येणारा झटका हजारो व्होल्टचा असतो, पण सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतका लहान. झटका, मग सेकंदभराची उसंत, मग पुन्हा झटका. त्या उसंतीत जनावर मागे सरते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. तो झटका धाक घालतो, जीव घेत नाही. पंपाच्या पेटीतली तार जीवच घेते.

आता २०१७ सालच्या दोन घटना ऐका.

एप्रिल महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात 'श्रीनिवास' नावाचा वाघ शेतातल्या तारेला लागून मेला. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला 'जय' हा गाजलेला वाघ २०१६ साली बेपत्ता झाला होता, त्याचा हा बच्चा. याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता, म्हणून शोध लागला. वाघ शेतात पुरलेला निघाला आणि शेतकऱ्याला अटक झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, सिंदीविहिरी शिवारात, एक वाघीण अशीच मेली. तिला ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडून बोर प्रकल्पात सोडले होते. तिथून ती कितीतरी मैल भटकत राहिली. तिने माणसे मारली होती. तिला ठार मारावे की नाही यावर न्यायालयात वाद झाला, बंदूकवाली पथके तिच्या मागावर फिरली. शेवटी निकाल लावला एका शेतातल्या तारेने. पुढची चौकशी कुठे जाणार? ज्याचे शेत त्याच्या दारी.

कायदा काय म्हणतो तेही स्वच्छ कळू द्या, कारण खटला उभा राहिल्यावर कळून उपयोग नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वाघ, बिबट पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. "डुकरासाठी लावली होती" हे उत्तर पुरत नाही, कारण कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात सापळा लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते, आणि डुकराचीही विनापरवाना शिकार करता येत नाही. कातडे किंवा नख ज्याच्याजवळ सापडले त्याच्याजवळ ते बेकायदा आहे, असेच कलम ५७ प्रमाणे धरून चालतात. तसे नाही हे त्यानेच सिद्ध करायचे. आकडा टाकला असेल तर वीजचोरीचा खटला वेगळा, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. दोन एकर ज्वारी राखायला लावलेली तार सगळी जमीन वकिलाच्या फीत घालवते. हे रक्षण नव्हे, आतबट्ट्याचा धंदा आहे.

माल कोणाचा, पैसा कोणाचा

आता दुसऱ्या बाजूला चला. वाघ मारून विकणारे कोण, आणि त्यात पैसा कोणाला मिळतो?

वाघाच्या मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करणारा करार १९७५ पासून अमलात आहे. हाडांचे औषध वापरणाऱ्या खुद्द चीननेही १९९३ साली वाघाच्या हाडांचा व्यापार बंद जाहीर केला. तरी चोरटी मागणी राहिली: कातडे मिरवायला, हाडे औषधाला आणि दारूत मुरवायला. त्या मागणीचा आकार किती? जानेवारी २००० मध्ये उत्तर प्रदेशातल्या खागा गावी धाड पडली. त्यात ७० बिबट्यांची कातडी, ४ वाघांची कातडी आणि बिबट्यांची तब्बल १८ हजार नखे निघाली. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटातल्या सांगसांग इथे एकाच खेपेत ३१ वाघांची आणि ५८१ बिबट्यांची कातडी पकडली गेली. एका खेपेत! राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००५ साली एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. चौक्या, गाड्या, नोकर सगळे होते, फक्त वाघ नव्हता. २००९ साली मध्य प्रदेशातल्या पन्नाचेही तेच झाले. दोन्हीकडे मागाहून बाहेरून वाघ आणून सोडावे लागले.

या धंद्यातला मोठा व्यापारी म्हणून संसारचंद हे नाव देशभर गाजले. त्याला २००५ साली पकडले, २०१४ साली तो वारला. जंगलातून दिल्लीपर्यंत माल पोचायला मध्ये किती हात लागतात ते त्याच्या प्रकरणांतून दिसले.

कापसाचा धंदा कळणाऱ्याला हा धंदा समजावून सांगावा लागत नाही. गावात खेडा खरेदीवाला, त्याच्या वर अडत्या, त्याच्या वर जिनिंगवाला, त्याच्या वर निर्यातदार. उन्हात राबतो तो सगळ्यांत खाली, आणि त्याच्या हाती पडतो तो सगळ्यांत लहान हिस्सा. वाघाच्या चोरट्या व्यापारातही साखळी हीच आहे. फरक एवढाच की इथे सगळ्यांत खालच्या माणसाला पैशाबरोबर तुरुंगही मिळतो, आणि वरच्यापर्यंत पोचायला पोलिसांना वर्षे लागतात.

हे सगळे दिल्ली-तिबेटचे आहे असे समजू नका. २०१३ साली मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघड झाली. मध्य प्रदेशातल्या कटनीकडून आलेल्या टोळ्यांनी लोखंडी जबड्याचे सापळे लावून वाघ मारले होते. मेळघाट म्हणजे १९७३ साली देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला एक. तिथे ही गत. आणि जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा भागात वाघांच्या शिकारीतला एक सराईत आरोपी पकडला गेला. तपासाचे धागे ईशान्येकडच्या सीमेपर्यंत गेले. म्हणजे धंदा जिवंत आहे आणि आपल्या दाराशी आहे.

अशा टोळीला गावाकडून तीन गोष्टी लागतात: उतरायला जागा, वाघाची खबर आणि लोकांचे मौन. खबर कोण देणार? ज्याचा बैल काल मारला गेला आणि भरपाई मिळाली नाही तो. मौन कोण पाळणार? ज्याच्या स्वतःच्या धुऱ्यावर तार आहे तो. त्याला वनरक्षकाला हाक मारायची भीती वाटते. वनरक्षक आला तर आधी तारच पाहील. आणि तारेने वाघ मेलाच तर घाबरलेला शेतकरी तो लपवतो, आणि लपवलेल्या वाघाला गिऱ्हाईक शोधत येते. ज्या शिवारात तार आहे तिथे शिकाऱ्याने मारलेला वाघही तारेच्याच नावावर जमा होतो. अशी ही तार शिकाऱ्याची फुकटची राखणदार आहे. करंट आपला, शेत आपले, तुरुंग आपला; माल त्याचा.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. शिकारी टोळी म्हटले की लोक गावाबाहेर पाल टाकणाऱ्या कोणत्याही भटक्या कुटुंबाकडे बोट दाखवतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का अजून पुसला गेलेला नाही. मध विकणारा, जडीबुटी विकणारा, शेतात मजुरीला येणारा हा आपल्यासारखाच पोटासाठी फिरतो. जात पाहून संशय घ्यायचा नाही, कोणाला अडवून मारहाण करायची नाही. सापळा दिसला, कातडे दिसले, वाघाच्या वाटेची चौकशी करणारा पैसेवाला माणूस दिसला, तर तेवढे कळवायचे.

विषाचे काय

तारेचाच दुसरा भाऊ विष. जुलै २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात एक वाघीण आणि तिचे दोन बच्चे मेलेले सापडले. मारलेल्या वासरावर कीटकनाशक टाकलेले होते. अटक झाली ती शेतकऱ्यालाच. वासरू गेले, वाघीण गेली, बच्चे गेले, आणि माणूस कोठडीत गेला. या सगळ्यात मिळवले कोणी काय?

विष टाकलेल्या जनावरावर कुत्री येतात, कावळे येतात, गिधाडे येतात. तिथला ओघळ पाण्यात जातो. आणि वाघ मेला म्हणून डुकरे कमी होत नाहीत. एक वाघ वर्षाला हरणाएवढी सुमारे पन्नास जनावरे खातो. रोही, डुक्कर, हरीण हेच त्याचे अन्न. आम्ही असे म्हणत नाही की वाघ आपली सगळी शेती राखून देईल. जिथे वाघ आहेत तिथेही डुकरे आहेत. पण आपले पीक खाणाऱ्याला खाणारा जो एक आहे, त्यालाच मारून पिकाचे रक्षण कसे होते, हे कोणी आम्हाला समजावून सांगावे.

वाघ वाढले कोणाच्या जिवावर

२००६ साली देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज आला. २०२२ च्या मोजणीत तो ३,६८२ झाला. महाराष्ट्रात २०१८ साली ३१२ होते, २०२२ साली ४४४. दिल्ली-मुंबईत याचे कौतुक झाले, होऊ द्या. पण देशातले सुमारे एक तृतीयांश वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीबाहेर राहतात. हद्दीबाहेर म्हणजे कुठे? नाल्याच्या झुडपांत, पडीत रानात, आपल्या पऱ्हाटीत. त्यांना जागा कोणी दिली? ढोरे कोणाची गेली? अंधारात पाण्याच्या पाळीला जाताना जीव मुठीत कोण धरतो?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात टी-१ वाघीण, म्हणजे लोक जिला अवनी म्हणतात ती, गोळी घालून मारली गेली. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शीतदहीच्या कापसाचे दिवस होते आणि बाया शेतात जायला धजत नव्हत्या. शहरांत तिच्यासाठी मेणबत्त्या पेटल्या. मेणबत्तीवाल्यांशी आमचे भांडण नाही. ती कशी मारली गेली यावर त्यांनी विचारलेले प्रश्नही खोटे नव्हते. आमचा प्रश्न वेगळा आहे: त्या तेरा घरांपुढे मेणबत्ती घेऊन कोण गेले? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? वाघाला नाव असते, मेलेल्या बाईचा फक्त आकडा होतो. हे बदलले पाहिजे. पण ते वाघ मारून बदलणार नाही, हिशेब मागून बदलेल.

आणि हिशेब मागायची ताकद आपल्यात आहे. जंगलाबाहेरचा वाघ शेतकऱ्याच्या इच्छेविरुद्ध एक वर्षही जगू शकत नाही. कितीही शिपाई नेमा, प्रत्येक धुऱ्यावर एक उभा करता येत नाही. वाघ वाचवायचा असेल तर सरकारला शेतकऱ्याकडे यावेच लागेल. पण ज्याच्या शेतात तार आहे तो मागायला उभा राहिला, की समोरचा म्हणतो, "आधी तुझी तार दाखव." मागणाऱ्याचा हात स्वच्छ लागतो. तार काढणे ही सरकारवर मेहेरबानी नाही, आपल्या मागणीची ती पहिली पायरी आहे.

आपल्या मागण्या

एक. शेतीला दिवसा वीज. रात्रीच्या पाळीने पाणी द्यायला लावायचे आणि वाघाने धरले तर "रात्री का गेलात" म्हणून विचारायचे, हे चालणार नाही. सौर प्रकल्पांतून शेतीला दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. जंगलालगतच्या गावांचा नंबर त्यात सगळ्यांत आधी लागला पाहिजे.

दोन. सौर कुंपण. एकट्या-दुकट्या शेताला कुंपण घातले की डुकरे शेजाऱ्याकडे जातात. म्हणून अख्ख्या शिवाराला एकत्र कुंपण, त्याला अनुदान, आणि पुढची देखभालही त्यातच.

तीन. पीक विमा. रानटी जनावरांनी केलेले नुकसान पीक विम्यात २०२६ च्या खरिपापासून घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत फोटोसह कळवायचे. कोणते प्राणी आणि कोणते भाग धरायचे ते राज्याने ठरवायचे. त्या यादीत आपले तालुके, आपले रोही आणि आपली डुकरे आहेत की नाहीत, हे याच मेळाव्यातून विचारले गेले पाहिजे.

चार. जनावराची भरपाई बाजारभावाने आणि ठरल्या दिवसांत. ती उशिरा मिळते तेव्हा विष टाकणारा हात तयार होतो. वाघ वाचवण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे मेलेल्या बैलाचे पैसे वेळेवर देणे.

पाच. पिकाचा विध्वंस करणाऱ्या डुक्कर-रोह्यांचा कायदेशीर बंदोबस्त. कलम ११ प्रमाणे उभे पीक वाचवण्यासाठी अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते. ती परवानगी पीक शेतात उभे असताना मिळाली पाहिजे, पऱ्हाटी उपटून झाल्यावर नव्हे. वाघ अंगावर आला आणि जीव वाचवताना तो मेला, तर तोही गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे.

गावाने काय करायचे

सरकारने करायचे ते सांगितले. आता आपले. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अमरावतीला बौद्धांचा मोठा सोहळा झाला. तिथे दलाई लामांनी तिबेटी लोकांना सांगितले, वाघ-बिबट्यांची कातडी अंगावर मिरवणे सोडा. तिबेटात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, भारी किमतीची कातडी रस्त्यावर आणून जाळली. धाडी घालून जे वर्षानुवर्षे जमले नाही ते एका समाजाने मनावर घेतल्यावर त्याच हंगामात दिसू लागले. लोकांनी ठरवले की होते, याला यापेक्षा मोठा दाखला नको.

गावात सभा घ्या. शिवारात कुठे तार असेल तर ती कोणाचे नाव न घेता, सगळ्यांनी मिळून, एका दिवशी उतरवा. तक्रार करून शेजाऱ्याला पकडून देण्यात शहाणपण नाही. त्याची तार निघण्यात आहे. जागल पाळीने आणि गटाने करा. एकट्याने माळ्यावर बसू नका. मारलेल्या जनावराला हात लावू नका, फोटो काढा, अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. मेलेला वाघ-बिबट दिसला तर पुरू नका, जाळू नका, नख काढू नका. १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा आणि कोणाला, किती वाजता कळवले ते लिहून ठेवा. उन्हाळ्यात पाणवठ्यांकडे विशेष लक्ष द्या. शिकारी तिथेच बसतो, कारण जनावराला तिथे यावेच लागते.

आणि प्रत्येक गावाने एक वही करा. कोणत्या रात्री, कोणत्या शेतात, कोणत्या जनावराने, किती नुकसान केले. जागलीच्या किती रात्री गेल्या. किती ढोरे गेली. किती पैसे आले, किती आले नाहीत. पुढच्या जिल्हा मेळाव्यात या वह्या घेऊन या. वाघांची मोजणी दर चार वर्षांनी होते. वाघ सांभाळणाऱ्याचे काय गेले याची मोजणी अजून एकदाही झालेली नाही. ती आपण करू. सरकारपुढे ओरडणारा शेतकरी सरकारने पुष्कळ पाहिला आहे. आकड्यांची वही घेऊन उभा राहिलेला, आणि ज्याच्या धुऱ्यावर बोट ठेवायला जागा नाही असा शेतकरी त्याला जड जाईल.

म्हणून आजच्या मेळाव्यापुढे ठराव मांडतो: आमच्या शिवारात जिवंत तार राहणार नाही, मेलेल्या जनावरावर विष पडणार नाही, शिकाऱ्याला आमच्या गावात जागा, खबर आणि मौन यांतले काही मिळणार नाही. आणि वाघ सांभाळण्याचे जे बिल आजवर कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने भरले, ते यापुढे आम्ही एकटे भरणार नाही.

ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. आणि घरी गेल्यावर, सभेची वाट न पाहता, ज्याच्या धुऱ्यावर तार असेल त्याने ती आज रात्री चालू करू नये.